लॅटस रेक्टम: पण अन्वस्ताला बाजू असते का?

हाडवैदीण

मुलगा अकरावी सायन्सला आहे. सध्या शांकव चालू आहेत, म्हणजे शंकू कापून मिळणारे वक्र, त्यांच्या भाषेत कॉनिक सेक्शन्स (अन्वस्त म्हणजे पॅराबोला, लंबवर्तुळ म्हणजे इलिप्स, अपास्त म्हणजे हायपरबोला). फोकस, डायरेक्ट्रिक्स, एक्सेंट्रिसिटी इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. लॅटस रेक्टम (फोकस या बिंदूतून जाणारी, अक्षाला काटकोनातली, वक्राच्या आरपार रेघ) आलं की मागच्या बाकांवर खिदळायला सुरुवात होते, आणि क्लासचे सर "लांबी फोर ए, नेक्स्ट" म्हणून मोकळे होतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे मला या शब्दांचं हसू येत नाही. मांडीच्या पुढच्या भागातल्या चार स्नायूंपैकी एक रेक्टस फेमोरिस, दुसरा व्हास्टस लॅटरॅलिस. रेक्टस म्हणजे सरळ आणि लॅटरल म्हणजे कडेचा, एवढं लॅटिन रोजच्या कामात येतंच. गुदाशयाला रेक्टम म्हणतात तेही 'सरळ आतडं' म्हणून. माणसाच्या शरीरात ते सरळ नसतं, त्रिकास्थीच्या बाकाबरोबर तेही वळतं, पण नाव पडलं ते पडलं.

तर मी आईच्या अधिकारात सांगून टाकलं, "लॅटस रेक्टम म्हणजे सरळ बाजू, यात दात काढण्यासारखं काय आहे?" चिरंजीव म्हणाले, "पॅराबोलाला बाजू असते का? त्रिकोणाला असते, चौकोनाला असते. हा वाकडा, आणि एकीकडून उघडा. कोणाची बाजू?"

झालं. मी गप्प.

आणखी एक. पाठीवरच्या लॅटिसिमस डॉर्सायमधलं लॅट म्हणजे रुंद, असं आम्हाला शिकवलंय. मग इथे लॅटस म्हणजे बाजू की रुंदी? रुंदी म्हटलं तर काहीतरी जमतं, कारण ती रेघ फोकसपाशी अन्वस्ताची रुंदीच दाखवते.

कुणी जरा इस्कटून सांगाल का? सूत्रं नकोत, ती त्याला माझ्यापेक्षा चांगली येतात.

टवाळ

मागच्या बाकांचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून हजेरी लावतो. आमच्या वर्गात अख्ख्या धड्यातलं हे एकच सूत्र सगळ्यांना पाठ होतं. का, ते सांगायला नको. उत्तराच्या प्रतीक्षेत.

शब्दवेडा

तुमच्या शेवटच्या शंकेपुरतं. लॅटिनमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत, रोमन लिपीत एकसारखे लिहितात म्हणून घोळ होतो. एकाचा उच्चार 'लाटुस', आ दीर्घ, अर्थ रुंद. लॅटिसिमस त्यातला, नकाशावरचं लॅटिट्यूडही त्यातलंच. दुसरा 'लटुस', अ ऱ्हस्व, अर्थ बाजू, कूस. लॅटरल, बायलॅटरल, क्वाड्रिलॅटरल हे सगळे त्याचे. लॅटस रेक्टममध्ये हा दुसरा आहे. तेव्हा रुंदी नाही, बाजूच. देवनागरीत लिहिलं असतं तर ही शंका आलीच नसती.

रेक्टस आणि आपला 'ऋजु' हे मुळात एकाच धातूचे भाईबंद आहेत. त्यामुळे 'ऋजु बाजू' म्हणायला हरकत नसावी. बाजू कोणाची, हे मात्र गणितवाल्यांनी सांगावं.

जुना खडू

मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. ज्युनिअर कॉलेजात मी बरीच वर्षं हा धडा शिकवला. "लांबी किती" सगळे विचारतात, "कोणाची बाजू" कोणी विचारत नाही.

अन्वस्ताला बाजू नसते, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. लॅटस रेक्टम ही एका आयताची बाजू आहे. तो आयत पूर्वी आकृतीत काढत असत. आपल्या पुस्तकांतून आयत गेला आणि त्याच्या एका बाजूचं नाव तेवढं मागे राहिलं.

आता तो आयत. शांकवांवरचा जुना मोठा ग्रंथ पेर्गा गावच्या अपोलोनियसचा, इसवी सनापूर्वी २०० च्या आसपासचा. पेर्गाचे अवशेष आजच्या तुर्कस्तानात अंताल्याजवळ आहेत. या माणसाकडे आलेखाचा कागद नव्हता, समीकरणं नव्हती, बरोबरचं चिन्हसुद्धा नव्हतं. जे सांगायचं ते क्षेत्रफळांच्या भाषेत. आपण 'य वर्ग' म्हणतो तेव्हा डोक्यात आकडा असतो, त्याच्या डोक्यात खराखुरा चौरस असे.

मुलाला कागद-पेन्सिल घेऊन बसवा. मी जुन्या मराठी पुस्तकांसारखी क्ष, य, अ ही अक्षरं वापरतो, त्याला त्याची इंग्रजी अक्षरं घेऊ द्या.

य² = १२क्ष हा अन्वस्त काढा. शिरोबिंदूपासून, म्हणजे वक्राच्या टोकापासून, अक्षावर ३ एकक पुढे जा आणि तिथून अन्वस्ताला टेकेपर्यंत उभी रेघ काढा. ती ६ भरेल. त्या ६ वर चौरस काढला तर क्षेत्रफळ ३६. आता परत शिरोबिंदूपाशी या आणि तिथे अक्षाला काटकोनात १२ लांबीची रेघ काढा. ही १२ आणि अक्षावरचे मघाचे ३, या दोन बाजूंचा आयत पूर्ण करा. क्षेत्रफळ ३६. चौरसाएवढंच.

क्ष बदलून बघा. १२ पुढे गेलात तर उभी रेघ १२, चौरस १४४, आयत १२ गुणिले १२, तोही १४४. ४८ पुढे जा: रेघ २४, चौरस ५७६, आयत १२ गुणिले ४८, पुन्हा ५७६. आयताची आडवी बाजू तुम्ही चालाल तशी वाढते, उभी मात्र हलत नाही. ती न हलणारी उभी बाजू म्हणजे लॅटस रेक्टम. अख्खा अन्वस्त त्या एका लांबीत सामावलेला आहे, ती सांगितली की वक्र ठरला.

अपोलोनियस तिला 'ऑर्थिया' म्हणतो, म्हणजे उभी. ऑर्थोसेंटरमधला ऑर्थो तोच. पुढे ग्रंथाची लॅटिन भाषांतरं झाली (१५६६ साली बोलोन्यात छापलेलं कोमांडिनोचं भाषांतर त्यातलं महत्त्वाचं) आणि उभी बाजू या अर्थानं लॅटस रेक्टम हा शब्द युरोपभर रुजला.

शब्दवेडा, 'ऋजु' आवडलं, पण इथे ते चालणार नाही. नेटवर जिथे-तिथे 'सरळ बाजू' असा अर्थ दिलेला असतो, तोही मला पटत नाही. आयताच्या चारही बाजू सरळच असतात, एकीचं सरळपण मुद्दाम सांगायचं कारण काय? इथे रेक्टम म्हणजे उभी, काटकोनातली. पुरावा हवा असेल तर तिची जोडीदारीण बघा. लंबवर्तुळ आणि अपास्त यांच्यासाठी अपोलोनियसला आणखी एक बाजू लागते, तिला तो 'प्लाजिया' म्हणजे आडवी म्हणतो. लॅटिनमध्ये ती झाली लॅटस ट्रान्सव्हर्सम. हायपरबोलाचा ट्रान्सव्हर्स अ‍ॅक्सिस मुलानं पाठ केलाच असेल, तो हाच. उभी आणि आडवी अशी ही जोडी आहे.

या आडव्या बाजूचं काम काय? लंबवर्तुळ घ्या, मोठा अक्ष १०, लहान अक्ष ८. त्याच्या सूत्रानं, म्हणजे 'टू बी स्क्वेअर अपॉन ए' (ए आणि बी हे अर्धे अक्ष, इथे ५ आणि ४), उभी बाजू येते ६.४. डाव्या टोकापासून ५ पुढे, म्हणजे बरोबर मध्यावर गेलात तर वरची रेघ ४, चौरस १६. आयत मात्र ६.४ गुणिले ५, म्हणजे ३२. चौरस १६ ने कमी पडला. हा जो १६ चा तुटवडा, तोही एक आयतच असतो, ५ गुणिले ३.२ चा, आणि त्याचा आकार १० गुणिले ६.४ या मोठ्या आयताशी समरूप. अक्षावर कुठेही उभे राहा, तुटवड्याचा आयत त्याच घडणीचा निघतो. ग्रीकमध्ये कमी पडण्याला 'एलाइप्सिस' म्हणतात. इलिप्स नाव पडलं ते यावरून.

अपास्तात उलट. आडवी बाजू ८, उभी ४.५ असा घ्या. शिरोबिंदूपासून ८ पुढे गेल्यावर आयत ३६ आणि चौरस ७२. चौरस वरचढ. वरचढ होणं म्हणजे 'हायपरबोली'. आणि अन्वस्तात चौरस आयताला तंतोतंत लागू पडतो, ते 'पॅराबोली'. हे तिन्ही शब्द त्याच्याही आधीपासून क्षेत्रफळांच्या प्रश्नांत वापरात होते, ग्रीक भूमितीकार युक्लिडच्या ग्रंथाच्या सहाव्या खंडात तसली प्रमेयं आहेत. अपोलोनियसनं ते वक्रांना चिकटवले. त्याच्या आधी अन्वस्ताला 'काटकोनी शंकूचा छेद' असं लांबलचक म्हणत.

आयत नसला की ही तिन्ही नावं नुसती पाठ करावी लागतात. पुस्तकात एक आकृती वाढवली असती तर काय बिघडलं असतं, देव जाणे. पानं तर सोडवलेल्या उदाहरणांनी भरलेली असतात.

हाडवैदीण

सर, हे मी स्वतः कागदावर करून पाहिलं, मग मुलाला दाखवलं. ५७६ पर्यंत गेल्यावर तो हसायचा थांबला.

त्याची शंका अशी: तुमची उभी बाजू शिरोबिंदूपाशी आहे. आमच्या पुस्तकात लॅटस रेक्टम फोकसमधून जाते. मग दोन्ही एकच कशा? "नाव तेच ठेवून जागा बदलली का?" असं विचारतोय.

जुना खडू

पोरगं वकील होणार.

लांबी तीच आहे, जागा बदलली आहे. कशी, ते त्यालाच काढता येईल. उभ्या बाजूला प म्हणू, म्हणजे य² = पक्ष. अक्षाच्या वर य आणि खाली य, अशी अन्वस्ताची पूर्ण उभी जीवा २य. ही जीवा बरोबर प एवढी कुठे होते? २य = प, म्हणजे य = प/२, य² = प²/४. हे पक्ष इतकं असायला हवं, म्हणून क्ष = प/४. शिरोबिंदूपासून चतुर्थांशावर. अशी जागा एकच, आणि तिथेच फोकस आहे. आपल्या १२ च्या अन्वस्तात फोकस ३ वर, तिथे वर ६, खाली ६, एकूण १२.

म्हणून फोकसमधली जीवा दाखवून "ही लॅटस रेक्टम" म्हटलं तरी आकड्यात चूक होत नाही. लंबवर्तुळातही तसंच, मघाच्या उदाहरणात फोकस टोकापासून २ वर येतो, तिथे वरची रेघ ३.२, दुप्पट ६.४. हिंदी पुस्तकांत तिला 'नाभिलंब जीवा' म्हणतात. नाभी म्हणजे फोकस. रेघ कुठे आहे हे त्या नावातून चटकन कळतं, फक्त बाजूचा मागमूस उरत नाही.

जाता जाता त्याला एक सांगा. ४अ (क्लासच्या सरांचं 'फोर ए', अ म्हणजे शिरोबिंदूपासून फोकसचं अंतर) मधला ४ सगळ्या वर्गाला खटकतो, "सर, नुसता ए का नाही?" खरी मूळ लांबी प. आपण फोकसपासून मोजायचं ठरवलं आणि फोकस चतुर्थांशावर, म्हणून प ची जागा ४अ नं घेतली. अपोलोनियसच्या ग्रंथात अन्वस्ताच्या फोकसचा उल्लेखच नाही. फोकस हे नावसुद्धा खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं १६०४ मध्ये दिलं, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चूल. अपोलोनियसनंतर अठराशे वर्षांनी.

नेकारकाठचा

वाचनखूण साठवली. मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. इकडच्या पुस्तकांत अन्वस्ताचं समीकरण य² = २पक्ष असं असतं. प म्हणजे अर्धी लॅटस रेक्टम, तिला हे लोक 'अर्धा पॅरामीटर' म्हणतात. मुलीला शिकवताना मी माझं ४अ घेऊन बसलो होतो, ती २प घेऊन, आणि फोकस कुठे यावर आमची जुंपली होती. तिच्या हिशोबानं प/२ वर, माझ्या हिशोबानं अ वर. दोन्ही एकच, पण त्यात एक संध्याकाळ गेली.

लॅटस रेक्टम हे नाव इकडे वर्गात सहसा घेत नाहीत, त्यामुळे खिदळणंही नाही. पण पॅरामीटर का?

जुना खडू

तोही याच रेघेचा शब्द आहे. अपोलोनियस ऑर्थियाचं वर्णन करताना म्हणतो: जिच्या 'लगत' उभ्या रेघांचे चौरस लागू पडतात ती रेघ. लगत म्हणजे 'पारा'. १७व्या शतकात त्यावरून पॅरामीटर शब्द घडवला, तेव्हा त्याचा अर्थ शांकवाची ही एक ठरावीक लांबी एवढाच होता. ती लांबी बदलली की तसाच पण वेगळा वक्र मिळतो. मग वक्र ठरवणाऱ्या कुठल्याही स्थिरांकाला पॅरामीटर म्हणू लागले, आणि आता ऑफिसातल्या कामगिरीचेसुद्धा पॅरामीटर असतात.

उभ्या रेघांचंही सांगून टाकतो, कारण त्यातूनच ऑर्डिनेट आला. अपोलोनियसच्या उभ्या रेघा 'क्रमानं, ओळीनं काढलेल्या' समांतर रेघा होत्या, लॅटिनमध्ये 'ऑर्डिनातिम अ‍ॅप्लिकाते'. अक्षावर शिरोबिंदूपासून त्या रेघेपर्यंत कापला गेलेला तुकडा तो अ‍ॅब्सिसा, कापलेला. आपल्याकडे अ‍ॅब्सिसाला भुज आणि ऑर्डिनेटला कोटी म्हणतात. ते काटकोन त्रिकोणाच्या भुज-कोटी-कर्णातून आलेले शब्द, भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहेत. या दोन घराण्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

धूमकेतू८६

गणितवाले ही रेघ आयतात ठेवून मोकळे झाले, आमच्या आकाशात ती अजून कामाला आहे. न्यूटनच्या १६८७ च्या प्रिन्सिपियात पहिल्या खंडाचं चौदावं प्रमेय लॅटस रेक्टमवरच आहे. एकाच सूर्याभोवती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातल्या बलानं अनेक गोल फिरत असतील, तर त्यांच्या कक्षांच्या लॅटस रेक्टम या त्यांनी ठरावीक वेळात व्यापलेल्या क्षेत्रफळांच्या वर्गांच्या प्रमाणात असतात.

उलटं वाचा: कक्षा किती लांबट आहे, ग्रह किती दूर जातो, कशाचीही गरज नाही. लॅटस रेक्टमचं वर्गमूळ घ्या, तो दिवसाला किती क्षेत्रफळ व्यापतो ते कळेल.

हॅलेचा धूमकेतू बघा. सूर्यापासून लांबात लांब जातो तो सुमारे ३५ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), नेपच्यूनच्याही पलीकडे. पण अर्धी लॅटस रेक्टम भरते फक्त १.१५ एकक, म्हणजे सूर्याच्या बरोबर बाजूला येतो तेव्हा तो जवळपास आपल्या पृथ्वीएवढ्याच अंतरावर असतो. १.१५ चं वर्गमूळ १.०७. म्हणजे दिवसाला तो पृथ्वीपेक्षा जेमतेम ७ टक्के जास्त क्षेत्रफळ व्यापतो, मग तो इथे धावत असो की पलीकडे रेंगाळत असो. मंगळाची कक्षा याच्यापुढे केवढीशी, पण तो २३ टक्के जास्त व्यापतो, कारण त्याची अर्धी लॅटस रेक्टम १.५१.

आता गंमत. न्यूटनच्या मागे लागून, छपाईचा खर्च स्वतः करून प्रिन्सिपिया बाहेर काढणारा हॅले. त्याच हॅलेनं १७१० साली ऑक्सफर्डहून अपोलोनियसचा ग्रंथ काढला. आठ खंडांपैकी पहिले चार ग्रीकमध्ये टिकले होते. पाच ते सात फक्त ९व्या शतकातल्या बगदादच्या अरबी भाषांतरात, ते हॅलेनं अरबीतून लॅटिनमध्ये आणले. आठवा हरवला आहे, तो त्यानं अंदाजानं रचून दिला. एवढं सगळं करताना आपल्या नावाच्या धूमकेतूची लॅटस रेक्टम त्याच्या टेबलावर होतीच, कारण कक्षेचं गणित त्यानंच मांडलं होतं.

टवाळ

अरे बापरे. हसायला आलो होतो, आता अपोलोनियस वाचावा लागणार. माझा गंभीर प्रश्न, मागच्या बाकांच्या वतीनं: अनेकवचन काय? लॅटस रेक्टम्स?

शब्दवेडा

लॅटेरा रेक्टा. लॅटस आणि रेक्टम दोन्ही नपुंसकलिंगी, म्हणून दोन्ही बदलतात. न्यूटननंही तसंच लिहिलंय. 'उभी' बाबत सरांचं म्हणणं मान्य, ऋजु मागे घेतो.

हाडवैदीण

सगळ्यांचे आभार. धूमकेतूचा प्रतिसाद मुलानं पूर्ण वाचला, क्लासच्या नोट्स मात्र वाचत नाही.

त्याचा शेवटचा प्रश्न, मग मी त्याला झोपायला पाठवते: वर्तुळाची लॅटस रेक्टम किती? पुस्तकात दिलेली नाही.

जुना खडू

व्यासाएवढी. वर्तुळात 'ए' आणि 'बी' सारखेच, तेव्हा त्याच्या सूत्रानंही तेच येईल. उभी बाजू आणि आडवी बाजू सारख्या होतात, आयताचा चौरस होतो. व्यासाला व म्हटलं तर य² = वक्ष − क्ष², म्हणजे य² = क्ष(व − क्ष). अर्धवर्तुळातला काटकोन त्रिकोण, कर्णावर टाकलेला लंब य, कर्णाचे दोन तुकडे क्ष आणि व − क्ष. हे दहावीतलं भूमितीमध्याचं प्रमेय आहे, त्यानं ते परीक्षेत लिहिलंही असेल. उद्या सकाळी जुनी वही काढून बघायला सांगा.